इथली पट्टी, तिथली दाढ

वेदना माणसाला परमेश्वराच्या जवळ नेते, असं जगातल्या बहुतेक धर्मांनी सांगून ठेवलं आहे. आणि ज्या गोष्टीवर इतक्या धर्मांचं एकमत होतं तिच्याविषयी आपण थोडं गंभीर व्हायला हवं. आमचे दिगंबरगुरुजी परमेश्वराच्या जवळ पिढीजातच राहतात. पंचवटीतल्या त्यांच्या फ्लॅटमधून रामकुंडावर ओल्या धोतराने यावं-जावं इतकं ते अंतर. वेदनेने त्यांना तिथे नेलं नाही. वेदनेने त्यांना नेलं कॉलेज रोडला, एका काचेच्या इमारतीत, जिथे खाली कॉफीचं दुकान आहे आणि वर दातांचा दवाखाना.

हे आठवायला निमित्त झालं माझ्या गुडघ्याचं. नाशिक सोडून मी मुलाकडे पुण्याला राहायला आलो आणि आल्या आल्या गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं. नर्सने दंडावरची थोडी जागा पुसून त्यावर औषधाची पट्टी चिकटवली तेव्हा मी एकटाच हसलो. तिने मुलाला बाजूला घेऊन भूल उतरली नाही का, असं विचारलं. भूल उतरली होती. मला दिगंबरगुरुजींचा खांदा आठवला होता.

आम्ही पंधराएक वर्षं एकाच मजल्यावर समोरासमोर राहिलो. मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. देवधर्माशी माझा संबंध शेजारधर्मापुरता होता. गुरुजी रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी सांगत आणि लग्नसराईत लग्नं लावत. उंच, रुंद, आणि डोक्यावर शेंडी सोडली तर काही नाही. ती सगळी वसुली निसर्गाने छाती, पाठ आणि खांद्यांवर केली होती. उघड्या अंगाने ते गॅलरीत उभे राहिले की लोकरीचं काही वाळत घातलंय असं वाटे.

आवाज मात्र त्यांनी कुठे ठेवला होता कळत नसे, कारण तो शरीरापेक्षा मोठा होता. घरात ते स्तोत्र म्हणू लागले की तळमजल्यावरच्या किराणा दुकानदाराला नैवेद्याची वेळ समजे. लग्नात माइक त्यांनी कधी हातात धरला नाही. "माइक म्हणजे घशाच्या कुबड्या," म्हणायचे. मंगलाष्टकं त्यांनी सुरू केली की पहिल्या रांगेतले पाहुणे हळूच तिसऱ्या रांगेत जात. शब्द कोणाला कळत नसत, पण लग्न लागलं याबद्दल कोणाच्या मनात शंका उरत नसे.

त्यांची दुसरी सवय मला फार आवडायची. मंत्र म्हणता म्हणता काही व्यवहाराची सूचना द्यायची झाली, तर ते चाल सोडत नसत. संकल्प चालू असे, यजमान ओंजळीत पाणी घेऊन उभा असे, आणि त्याच संथ, धीरगंभीर स्वरात ऐकू येई: "गोदावर्याः तीरे… शेवाळ आहे, पाय जपून… मम समस्त पितॄणां… मोबाइल वरच्या खिशात ठेवा… तृप्त्यर्थं… चपला तिसऱ्या पायरीवर आहेत…" परगावचे लोक या सगळ्याला भक्तिभावाने मान डोलवत. एकदा एका भाविक गृहस्थाने "चपला तिसऱ्या पायरीवर आहेत" हेही त्यांच्यामागून म्हटलं होतं.

आणि तिसरी गोष्ट त्यांचं वाक्य. "शास्त्रात सोय आहे." कोणतीही अडचण घेऊन जा. दर्भ मिळत नाहीत, मुलगा परदेशात आहे, सासरे उपास सोडायला तयार नाहीत, लिफ्ट बंद आहे. गुरुजी डोळे मिटत, उघडत, आणि म्हणत, "शास्त्रात सोय आहे." मी एकदा विचारलं, "कुठल्या शास्त्रात, गुरुजी?"

"ज्यात सोय आहे त्या," ते म्हणाले. "तुम्ही प्रोफेसर लोक आधी शास्त्र बघता आणि मग सोय शोधता. म्हणून तुमची गैरसोय होते."

त्यांची एकच अडचण अशी होती जिच्यासाठी शास्त्रात सोय सापडत नव्हती. उजव्या बाजूची, खालची, अगदी मागची दाढ. ती वर्षानुवर्षं किडत होती. गुरुजी डाव्या बाजूने जेवत. फार वर्षांपूर्वी, सिंहस्थाच्या गर्दीत, दाढ ठणकत असताना मेडिकलमधून मिळतील त्या गोळ्या रिकाम्या पोटी गिळत त्यांनी विधी सांगितले होते, आणि शेवटी रक्ताची उलटी होऊन दवाखान्यात पडून राहिले होते. तेव्हापासून दुखण्यावरची गोळी दिसली तरी ते पोटावर हात ठेवत. त्यांचा युक्तिवाद एखाद्या न्यायशास्त्र्याला शोभेल असा होता: दाढ काढली तर दुखेल, दुखलं तर गोळी लागेल, गोळी घेतली तर पोट जाईल, सबब दाढ राहील. मग लवंग, हिंग, तुरटी. त्यांच्या जवळ बसलं की मसाल्याच्या डब्याजवळ बसल्यासारखं वाटायचं.

असं आणखी काही वर्षं चाललं असतं. पण मेधाने लग्न ठरवलं.

मेधा त्यांची एकुलती एक मुलगी. संख्याशास्त्र शिकवते. बापाने शेकड्यांनी लग्नं लावली आणि मुलीने एकही केलं नाही, यावर घाटावर बरंच बोलून झालं होतं; मग लोकांनाच कंटाळा आला. आणि एका रविवारी सकाळी, पोहे खाता खाता, मेधाने सांगितलं की एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रशांत म्हणून इंजिनीअर आहे, त्याच्याशी ती लग्न करते आहे, आणि ते नोंदणी पद्धतीने होईल. मी तिथे होतो, कारण रविवारचे पोहे त्यांच्याकडे असत.

सुमनवहिनींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, झारा खाली ठेवला. गुरुजींनी डोळे मिटले. जरा जास्तच वेळ मिटले.

"शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. "गांधर्व. त्यात नोंदणीचा उल्लेख नाही, पण विरोधही नाही."

"बाबा," मेधा म्हणाली, "होम नाही, आहेर नाही, भाषणं नाहीत, फेटे नाहीत. रजिस्ट्रारकडे सह्या करायच्या आणि संध्याकाळी हॉलवर जेवायचं. पण मंगलाष्टक हवं. एकच. तुमचं. तुम्ही केलेलं, तुमच्या तोंडून, माइकशिवाय."

गुरुजी उठून गॅलरीत गेले आणि त्यांनी नाक शिंकरलं. समोरच्या इमारतीतलं कुत्रं भुंकलं.

त्या दिवसापासून ते मंगलाष्टक रचायला बसले. शार्दूलविक्रीडित वृत्तात गोदावरी बसते, कुलदेवता बसते, मुलीचं नावही बसतं. पण त्यांना व्याह्यांच्या गावाचा मान म्हणून एकलहऱ्याची धुरांडी बसवायची होती. आठवडाभर ते जिन्यात भेटले की बोटांवर गण मोजत असायचे. धुरांडी शेवटी बसली. आणि ज्या दिवशी बसली, त्याच दिवशी दाढ सुजली.

या वेळची सूज साधी नव्हती. गाल टम्म झाला, जबडा उघडेना. दोन दिवसांत गुरुजींचं तोंड चमचा आडवा जाईल इतकंच उघडू लागलं, आणि लग्न आलं होतं पुढच्या आठवड्यावर. एवढा मोठा आवाज आत अडकून पडला होता आणि दार उघडत नव्हतं.

अशा वेळी जे धावून येतात ते केशवशास्त्री धावून आले. हे गुरुजींचे चुलत भाऊ. त्यांच्या सोनेरी कडांच्या कार्डावर नावाआधी इतक्या पदव्या होत्या की नाव मागच्या बाजूला गेलं होतं. पांढरी मोठी गाडी, दोन स्पीकर, आणि मंगलाष्टकांच्या मागे वाजवायला तयार संगीत. ओळीच्या मध्ये फोटोग्राफरसाठी थांबायची त्यांची एक खास पद्धत होती. ते आले ते खांद्यावर जरीचा शेला घेऊनच. तो त्यांनी बहुधा झोपतानाही काढला नसावा.

"दिगूदादा, तू अजिबात बोलू नकोस," ते म्हणाले. गुरुजींना तसंही बोलता येत नव्हतं. "मेधा मला मुलीसारखी. मी म्हणतो मंगलाष्टकं. ट्रॅक तयार आहे. फक्त नावं घालायची."

"काका," मेधा शांतपणे म्हणाली, "बाबा म्हणणार नसतील तर कोणीच म्हणणार नाही. नुसत्या सह्या करू."

केशवशास्त्री हसले. मोठ्या माणसांना लहानांचं बोलणं ऐकू येत नाही तेव्हा ती हसतात तसे. "बघू, बघू. मी स्पीकर घेऊन येतोच."

ते गेल्यावर गुरुजी माझ्याकडे वळले आणि न उघडणाऱ्या तोंडातून म्हणाले, "प्रोफेसर, गाडी काढा."

दवाखाना डॉक्टर पल्लवीचा होता. ती मेधाची शाळेतली मैत्रीण. दवाखान्याची वास्तुशांत गुरुजींनीच केली होती. "मी तुझी जागा शांत केली," ते खुर्चीत आडवे होत म्हणाले, "आता तू माझी कर. पण मुहूर्त बघितलास का?"

"उद्या साडेचार," पल्लवी म्हणाली.

"चांगला आहे का?"

"पाच वाजता दुसरा पेशंट आहे, काका. त्या दृष्टीने चांगला आहे."

तिने सांगितलं ते असं. सूज उतरायला आधी औषध सुरू करायचं, आणि मग हिरडी थोडी कापून दाढ काढायची. काढली तर लग्नापर्यंत तोंड उघडेल. नाही काढली तर उघडणार नाही. गुरुजींचा हात पोटावर गेला.

"गोळ्यांचं मला माहितीये," ती म्हणाली. "मेधाने सांगितलंय. दुखण्यासाठी गोळी नाही द्यायची. पट्टी लावू." आणि तिने पाकिटातून एक पातळ, अंगाच्या रंगाची, चौकोनी पट्टी काढून दाखवली.

गुरुजींनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. "ही तोंडात कशी बसणार?"

"तोंडात नाही. खांद्याला लावायची. नाहीतर दंडाला."

"दाढ कुठे आहे?"

"उजवीकडे, खाली."

"आणि ही खांद्याला."

"हो."

"पल्लवी, मी दाढेबद्दल विचारतोय."

"मीपण दाढेबद्दलच सांगतेय, काका."

"अगं, यजमान बसलाय नाशिकला आणि मी पूजा सांगतोय सिन्नरला? कसं पोचायचं ते?"

पल्लवीने हातमोजे काढले आणि स्टूल ओढून त्यांच्या समोर बसली. "काका, माझ्या आजोबांचं श्राद्ध तुम्ही केलंत. पिंड कुठे ठेवला होता?"

"रामकुंडावर."

"आणि आजोबा कुठे होते?"

"पितृलोकात."

"पोचलं त्यांना?"

"पोचलं म्हणजे! मी स्वतः केलंय."

"कसं पोचलं?"

गुरुजींनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. पण तो जबड्यामुळे फसला की प्रश्नामुळे, हे मला सांगता येणार नाही.

"हे त्यापेक्षा पुष्कळ जवळ आहे," पल्लवी म्हणाली. "कातडीतून रक्तात, रक्तातून दाढेपर्यंत. सगळा प्रवास नाशकातल्या नाशकात."

गुरुजींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. नास्तिकपणाची ही शिकवण मी दिली असणार असं त्यांना वाटलं असावं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग त्यांनी डोळे मिटले, उघडले. "शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकं समाधान मी फक्त पुरणपोळीच्या दुसऱ्या वाढपाला ऐकलं होतं.

पल्लवीने पुढच्या सूचना दिल्या. तिने त्यांच्या पोटाच्या डॉक्टरांना फोन करून आधी विचारलं होतं. पट्टीचं औषध पोटातून जात नसलं तरी थोडं रक्तात जातंच, म्हणून पोटात दुखलं किंवा शौचाला काळी झाली तर लगेच फोन करायचा. एका वेळी एकच पट्टी. रोज नवी, रोज नव्या जागी. कातडी कोरडी हवी, जखम नको, केस नकोत. पट्टीवर शेक द्यायचा नाही. आणि चमत्कार होणार नाही, काही तास लागतील.

"आवाहन केल्यावर देवसुद्धा लगेच येत नाही," गुरुजी समजूतदारपणे म्हणाले. मग थांबले. "केस नकोत?"

आम्ही तिघांनीही गुरुजींच्या खांद्याकडे पाहिलं.

वस्तरा चालणार नव्हता, त्याने कातडी सोलवटते; कात्रीने बारीक करायचे होते. हे काम घाटावरच्या रघूने केलं. रघू तिथे मुंडनं करतो. गुरुजी अंगरखा काढून त्याच्यापुढे बसले आणि बोटाने हवेत चौकोन काढून दाखवला. रघूने उचललेली कात्री पुन्हा खाली ठेवली.

"गुरुजी, लय डोकी केली या हातानं. पण चौकोन नाय केला कधी. कोणाचं करताय?"

"दाढेचं."

"वारली?"

"उद्या जायचीय."

रघूने अदबीने मान खाली घातली आणि काम सुरू केलं. रोजची जागा नवी, म्हणून त्याने खांद्यांवर आणि दंडांवर मिळून चार चौकोन केले. उरलेल्या दाटीत ते चार चौकोन प्लॉट पाडल्यासारखे दिसत होते.

दाढ दुसऱ्या दिवशी साडेचारच्या मुहूर्तावर निघाली. परत येताना गुरुजींच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि संपूर्ण प्रवासात ते एक अक्षर बोलले नाहीत. अशोकस्तंभाजवळच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांना ओळखून काळजीने विचारलं, "काय झालं गुरुजींना?" नाशिकला त्या शांततेची सवय नव्हती.

सकाळी मी चौकशीला गेलो तेव्हा ते गॅलरीत बसून गार दूधभात खात होते, डाव्या खांद्यावर पट्टी.

"झोप लागली?"

"लागली."

"दुखतंय?"

त्यांनी विचार केला. "दुखतंय. पण शेजाऱ्याच्या घरात दुखतंय असं दुखतंय. भिंतीपलीकडे कोणीतरी कुरकुरतंय. आपण आपलं पडून राहायचं." मी शेजारी असल्यामुळे मला या उपमेच्या जरा खोलात जावंसं वाटलं, पण गेलो नाही.

सुमनवहिनी एवढ्यात गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या. आयुष्यभर त्यांनी घरातल्या प्रत्येक दुखण्याला शेक दिला होता, आणि खांद्याला पट्टी लावलेला माणूस शेक न घेता बसतो हे त्यांना पाहवत नव्हतं.

"जरा धरते. पट्टी गरम झाली की औषध लवकर उतरेल."

"म्हणूनच नाही धरायचं," गुरुजी पाट सरकवत मागे गेले. "जास्त उतरेल. पल्लवीने निषिद्ध सांगितलंय."

"तुम्ही कधी निषिद्ध म्हणून सोडलंत का काही? साखर निषिद्ध होती. तळण निषिद्ध होतं."

"ती माझी शास्त्रं होती. त्यांत सोय होती. पल्लवीच्यात नाहीये."

विश्रांती घ्या असं सांगितलं होतं. पण त्या दिवशी इंदूरहून एक मुलगा वडिलांच्या अस्थी घेऊन येणार होता, आधीपासून ठरलेलं होतं. त्याला परत पाठवायला गुरुजींची तयारी नव्हती. "हळू आवाजात सांगतो," ते म्हणाले. त्यांच्या तोंडी हे वाक्य इतकं नवीन होतं की मी बरोबर गेलो.

घाटावर पहिली हरकत एका वृद्ध पुरोहितांनी घेतली. सोवळ्यात शिवलेलं वस्त्र अंगावर चालत नाही, आणि हे काय?

गुरुजींनी खांदा पुढे केला. "बघा. शिवलेली नाही. चिकटवलेली आहे."

वृद्ध पुरोहितांनी चष्मा वर करून पट्टीची चारही बाजूंनी पाहणी केली. टाका सापडला नाही. हरकत मागे घेण्यात आली.

खरा घोटाळा पुढे झाला. तो रामकुंडावरच होऊ शकतो आणि एखाद्या पुरोहितालाच होऊ शकतो. जानवं नेहमी डाव्या खांद्यावर असतं. पितरांचं काही करायचं झालं की ते उजव्या खांद्यावर घ्यावं लागतं. कॉलेज रोडला हे कोणाला सुचण्याचं कारण नव्हतं. गुरुजींची पट्टी बरोबर त्या डाव्या खांद्यावर, जानव्याच्या खाली होती, आणि घामाने तिची एक कड सुटून जानव्याला घट्ट चिकटली होती. तर्पणाची वेळ आली, गुरुजींनी नेहमीच्या झोकात जानवं डावीकडून उजवीकडे घेतलं, आणि पट्टी त्याच्याबरोबर निघाली. ती छातीच्या मधोमध, दोऱ्याला लटकून, पदकासारखी झुलू लागली.

इंदूरच्या मुलाचं लक्ष होतं. बिचारा सकाळपासून सांगतील ते सगळं जिवापाड नीट करत होता. वडिलांचं काही चुकायला नको म्हणून प्रत्येक सूचना दोनदा विचारून घेत होता. त्याने पट्टीकडे पाहिलं, स्वतःच्या रिकाम्या छातीकडे पाहिलं, आणि घाबरून विचारलं, "पंडितजी, ये हमें भी लगानी थी?"

गुरुजींनी चाल सोडली नाही. "नहीं… ये मेरे दाँत की है…" मग थांबून त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "आपके पिताजी के दाँत कैसे थे?"

"जी… दो ही बचे थे. फिर भी भुट्टा खाते थे."

"भुट्टा? दो दाँत से?"

"जी. पूरा. मम्मी डाँटती थीं."

"फिर तो इसकी कोई ज़रूरत नहीं," गुरुजी म्हणाले.

आणि तो मुलगा हसला. हातात पाणी, डोळ्यांत पाणी, आणि हसतोय. कमरेइतक्या पाण्यात दोन माणसं, एक जबडा धरून आणि एक ओंजळ सांभाळून, हसत उभी होती. वृद्ध पुरोहितांनी चष्मा पुन्हा वर केला. शास्त्रात याला सोय होती की नाही मला माहीत नाही, पण त्या म्हाताऱ्याला, जो दोन दातांनी भुट्टा खात असे, ते पाणी पोचलं असेल तर तेव्हाच पोचलं असेल.

जाताना मुलाने आपल्या आईच्या गुडघ्यासाठी अशी एक पट्टी मागितली. "ये प्रसाद नहीं है," गुरुजींनी खडसावलं. "डॉक्टर से पूछो." मग मला हळूच म्हणाले, "एक सांगू? जानवं उजवीकडे गेलं तेव्हा पट्टी पितरांच्या दिशेला होती. माझ्या आजोबांचीही हीच दाढ दुखायची. आज त्यांना बरं वाटलं असणार." ते गंमत करत होते. निदान अर्धी.

पल्लवीने फोनवर हे सगळं ऐकलं आणि ती म्हणाली की निघालेली पट्टी परत लावू नका, नवी घ्या, आणि आता दंडाला लावा. जानवं जात नाही तिथे.

लग्नाचा दिवस उजाडला. सकाळी सह्या झाल्या. संध्याकाळी गंगापूर रोडच्या एका लहान हॉलवर मोजकीच माणसं होती. गुरुजींचं तोंड दोन बोटं उघडत होतं. पल्लवीने हॉलच्या कोपऱ्यात टॉर्च लावून आत पाहिलं आणि म्हणाली, "म्हणा. पण ओरडायचं नाही. ओरडलात तर टाके तुटतील."

गुरुजींचा चेहरा उतरला. ओरडायचं नाही म्हणजे काय करायचं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. केशवशास्त्री ठरल्याप्रमाणे स्पीकर घेऊन आले होते. वायर लावून, माइक फुंकून, राखीव खेळाडूसारखे कडेला उभे. गुरुजी पुढे निघाले तसे ते आडवे आले आणि त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी, फोटोग्राफरकडे तोंड करून, गुरुजींना कडकडून मिठी मारली. "दादा, जमलं नाही तर नुसती मान हलव. मी उचलतो."

मेधा आणि प्रशांत समोरासमोर उभे होते. मध्ये अंतरपाट नव्हता, एवढी सवलत शास्त्राने दिली होती. गुरुजींनी उपरणं सावरलं, डोळे मिटले.

मी त्यांच्या आवाजाची वाट पाहत थोडा मागे सरकून उभा होतो. सगळेच होते. पण आवाज आला तो अगदी लहान. घरात कोणी झोपलंय म्हणून हळू बोलावं तसा. पहिल्या ओळीला लोक बावरले. दुसऱ्या ओळीला मागची रांग पुढे आली. आणि मग हॉलमध्ये एक विलक्षण गोष्ट घडली: दिगंबरगुरुजींच्या मंगलाष्टकातले शब्द लोकांना कळू लागले. गोदावरी आली. पोहे खाता खाता बातमी सांगणारी मुलगी आली. धुरांडी आली, तेव्हा एकलहऱ्याच्या पाहुण्यांनी एकमेकांना कोपरं मारली. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून रामकुंडावर येणारी, त्याच्या खांद्याचे केस मुठीत धरून ठेवणारी मेधा आली. त्या ओळीला आवाज आणखी लहान झाला आणि संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेने प्रशांतच्या बाहीला डोळे पुसले. वहिनींनी माझा रुमाल मागितला. तो मोकळा नव्हता.

"सावधान" म्हणून गुरुजी थांबले. मग त्याच चालीत, त्याच हळुवार स्वरात म्हणाले, "अक्षता टाका… डोळ्यांत जाऊ देऊ नका… जेवण तळमजल्यावर आहे…"

केशवशास्त्रींचे स्पीकर कोणी बंद केले मला दिसलं नाही.

जेवताना मी गुरुजींच्या शेजारी बसलो. त्यांच्यापुढे बासुंदीची वाटी होती.

"प्रोफेसर," ते म्हणाले, "तुमचा विश्वास नाही, पण सांगतो. म्हणत होतो तेव्हा काहीही दुखत नव्हतं. दाढ नाही, जबडा नाही. आपण कोणाच्या तरी अगदी जवळ उभे आहोत असं वाटत होतं. ही पट्टी मोठी गोष्ट आहे." आणि त्यांनी कृतज्ञतेने दंडाला हात लावला. मग उपरणं बाजूला करून दंड पाहिला. चौकोन रिकामा होता.

आम्ही खुर्चीखाली पाहिलं, पानाखाली पाहिलं. पल्लवीला बोलावलं. ती म्हणाली, निघाली तरी कातडीत मुरलेलं औषध काही वेळ पुरतं, काळजी करू नका; पण गेली कुठे? मग तिची नजर हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिने तोंडावर हात धरला. गुरुजींनी तिकडे पाहिलं, आणि दोन बोटांपलीकडे न उघडणारं त्यांचं तोंड पूर्ण उघडलं. ते हसत होते, जबडा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आत दाढेची मोकळी जागा दिसत होती. माझ्या आठवणीत ते असेच बसले आहेत, बासुंदीची वाटी एका हातात सांभाळत.

तिकडे केशवशास्त्री दाराशी उभे राहून पाहुण्यांचे नमस्कार घेत होते. त्यांच्या जरीच्या शेल्यावर, मागच्या बाजूला, पट्टी घट्ट चिकटलेली होती, आणि सगळा समारंभ आटपेपर्यंत ती तिथेच होती. त्यांचं काहीही दुखत नव्हतं.